आरव्हीचा फ्रिज प्रवासात कसा सांभाळायचा: सांडू न देता, नासू न देता

आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, हातात आली की नवे लोक टायरची हवा, पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर, वीजजोडणी हे सगळं मन लावून शिकतात. फ्रिजकडे मात्र घरच्या फ्रिजच्याच नजरेनं बघितलं जातं. सामान भरलं, दार लावलं, निघालो. पण घरचा फ्रिज आयुष्यभर एका जागी उभा असतो. गाडीतला फ्रिज तासन्‌तास हादरतो, झुकतो, वळतो, आणि आतली प्रत्येक वस्तू ब्रेक लागला की पुढे आणि वळण आलं की बाजूला जायला बघते. मुक्कामाला पोहोचून दार उघडावं आणि दूध, सॉस, फुटलेली अंडी पायावर यावीत, हा अनुभव नव्या लोकांपैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. तो टाळता येतो, आणि त्याला खर्चही फारसा लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. दाराच्या कडीवर भिस्त ठेवू नका. आत सामानाला धावायला जागाच उरली नाही, तर दारावर फारसा जोर येतच नाही.

यामागचा हिशोब सोपा आहे. जोरदार ब्रेक लागतो तेव्हा वस्तू स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्म्या ते पाऊणपट जोरानं पुढे ढकलली जाते. म्हणजे दीड किलोची बाटली दारावर जेमतेम एक किलोचा दाब देईल, आणि तेवढा दाब कुठलीही धड कडी सहज पेलते. पण हीच बाटली दारापासून २० सेंटीमीटर मागे मोकळी उभी असेल, तर ती आधी वेग घेते आणि मग दारावर आदळते. २ सेंटीमीटरच्या फटीत आदळण्याची जेवढी ऊर्जा जमते, त्याच्या दहापट २० सेंटीमीटरच्या फटीत जमते. कड्या तुटतात त्या अशा आदळण्यानं. खालच्या सगळ्या पायऱ्या ही मोकळी जागा कमी करण्यासाठी आणि आतला गारवा टिकवण्यासाठी आहेत.

१. फ्रिज कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

आरव्हीत तीन प्रकारचे फ्रिज सापडतात, आणि प्रत्येकाची काळजी थोडी वेगळी घ्यावी लागते.

पहिला अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज. हा गॅसच्या ज्योतीवर किंवा विजेच्या हीटरवर चालतो. काही मॉडेल १२ व्होल्टवरही चालतात, त्यांना थ्री-वे म्हणतात. बटणांच्या पट्टीवर ज्योतीचं चिन्ह आणि गाडीच्या बाहेरच्या भिंतीवर जाळीची झडप दिसली की हाच प्रकार समजा. १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात, आणि उष्णतेच्या जोरावर ते नळ्यांमधून फिरत राहतात. पंप नाही, म्हणून आवाजही नाही. पण द्रव गुरुत्वाकर्षणानं खाली वाहत असल्यामुळे गाडी तिरकी उभी करून फ्रिज चालू ठेवला, तर हा द्रव एका जागी साचतो आणि यंत्रणा कायमची खराब होऊ शकते. चालत्या गाडीत झुकाव सतत बदलत असतो, त्यामुळे तिथे ही भीती कमी. उताराच्या जागी बराच वेळ थांबणार असाल, तर मात्र गाडी समतल करा किंवा फ्रिज बंद करा.

दुसरा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. घरच्या फ्रिजसारखी घरघर ऐकू येते. लवकर गार होतो, झुकाव चालतो, पण सगळा भार बॅटरीवर.

तिसरा म्हणजे मोठ्या मोटरहोममध्ये (स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीत) बसवलेला घरगुती फ्रिज, जो इन्व्हर्टरवर चालतो. त्याच्या दाराला नुसतं चुंबकी रबर असतं, बऱ्याचदा कडीच नसते. काचेचे कप्पे आणि सहज सरकणारे खणही असतात. तुमच्याकडे हा असेल, तर पायरी ८ सोडू नका.

फ्रिजच्या आतल्या भिंतीवर किंवा दाराच्या कडेला मॉडेल क्रमांकाची पट्टी असते. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. कडी किंवा कप्पा तुटला तर नेमका सुटा भाग मागवायला तोच लागतो.

२. दाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा

हे फार कमी जण बघतात, आणि सामान कुठे ठेवायचं ते खरं तर इथेच ठरतं.

बहुतेक गाड्यांत फ्रिज बाजूच्या भिंतीला टेकून असतो आणि दार मधल्या वाटेकडे उघडतं. समजा फ्रिज डाव्या भिंतीला आहे आणि दार उजवीकडे उघडतं. गाडी डावीकडे वळली की आतलं सगळं उजवीकडे, म्हणजे थेट दारावर येतं. उजवीकडे वळली की मागच्या भिंतीकडे जातं. ब्रेक लागला की फ्रिजच्या आतल्या पुढच्या बाजूच्या भिंतीला भिडतं. म्हणजे अशा फ्रिजच्या दाराला खरा धोका डाव्या वळणाचा. रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवणाऱ्या देशांत चौकातलं वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घ्यावं लागतं आणि सामान डावीकडे जातं. उजव्या बाजूनं चालवणाऱ्या देशांत बरोबर उलट. तुमच्या फ्रिजचं दार कुठल्या वळणाला भार झेलतं, हे चालवणाऱ्याला ठाऊक असलं की तो त्या वळणाला आपोआप सावकाश जातो.

दार गाडीच्या पुढच्या दिशेला असेल तर ब्रेकचा धोका, मागच्या दिशेला असेल तर चढ आणि जोरात निघण्याचा.

आणखी एक गोष्ट: ट्रेलरमध्ये, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढायच्या आरव्हीत, चाकांच्या मागचा भाग खड्ड्यावर जास्त उसळतो. फ्रिज तिथे असेल तर वस्तू आडव्या सरकतात, शिवाय उभ्या उडतातही. तिथे नुसते आडवे दांडे पुरत नाहीत, वरची मोकळी जागाही भरावी लागते.

३. काय काय हाताशी लागेल

• स्प्रिंगचे फ्रिज बार, म्हणजे दाबून दोन भिंतींमध्ये अडकवायचे दांडे. प्रत्येक कप्प्याला निदान एक, उंच सामानाच्या कप्प्याला दोन
• चौकोनी, उभ्या भिंतींचे प्लास्टिकचे ट्रे किंवा डबे
• घट्ट झाकणाचे, न गळणारे डबे आणि आट्याच्या, म्हणजे पिळून लावायच्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटल्या
• अंड्यांचा बंद डबा
• जाळीदार रबरी चटई, कप्प्याच्या मापानं कापून
• फ्रिजचा थर्मामीटर, शक्यतो बाहेर आकडा दाखवणारा
• दारासाठी बकलचा पट्टा किंवा लहान मुलांपासून कपाटं बंद ठेवायला लावतात तसं लॉक
• स्क्रू ड्रायव्हर, बॅटरीचा टॉर्च, दोन जुने टॉवेल
• कागद म्हणाल तर फ्रिजचं माहितीपुस्तक आणि वॉरंटीचा कागद. फोनमध्ये फोटो असले तरी चालतात

दाराचे आणि कप्प्यांचे माप घेऊनच बार घ्या. आतली रुंदी मोजा, बाहेरची नको. लहान फ्रिजमध्ये मोठा बार बसतच नाही आणि मोठ्या फ्रिजमध्ये पूर्ण ताणलेला बार पहिल्या खड्ड्याला निसटतो.

४. कडी, बिजागरी आणि रबर तपासा

आरव्हीच्या फ्रिजची कडी साधारण दाराच्या वरच्या कडेला असते. बऱ्याच कड्यांना दोन खाचा असतात. एकीत दार पूर्ण बंद होतं. दुसरीत दार अंगठाभर उघडं राहून अडकतं. ही दुसरी खाच गाडी उभी असताना, फ्रिज बंद असताना हवा खेळावी म्हणून दिलेली असते. नव्या लोकांचा घोळ इथेच होतो. हिवाळाभर उभी असलेली गाडी काढायची, घाईत फ्रिज भरायचा, दार ढकलायचं, टक् असा आवाज येतो आणि वाटतं बसलं. प्रत्यक्षात ते हवेच्या खाचेत अडकलेलं असतं. फट दिसत नाही, कारण बघणारा समोर उभा असतो आणि फट कडेला असते. आवाजावर जाऊ नका. दाराच्या कडेवरून बोट फिरवा, रबर चारही बाजूंनी टेकलंय का ते हातालाच कळतं.

मग दाराचा खालचा कोपरा धरून हलकेच ओढा. वर कडी लागलेली असूनही खालचा कोपरा सुटत असेल, तर दार पिळतंय किंवा बिजागरी सैल आहे. कडी ज्या पट्टीत अडकते तिचे स्क्रू हादऱ्यानं हळूहळू बाहेर येतात. ते अर्धा वेढाही फिरत असतील तर आवळा. प्लास्टिकमध्ये बसवलेले स्क्रू असतात, म्हणून हातानं बेतानं आवळा, नाहीतर आटे जातात. फ्रिज ज्या स्क्रूंनी कपाटाला बसवलेला असतो, तेही बघून घ्या. संबंध फ्रिजच पुढे-मागे हलत असेल तर आतलं सामान कितीही नीट लावलं तरी उपयोग नाही.

रबरासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. पट्टी सहज सुटली तर तिथून गारवा बाहेर जातोय. आधी रबर कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा. निम्म्या वेळा नुसता चिकट थर असतो.

फ्रीझरचं दार वेगळं असेल तर हेच सगळं त्याचंही करा. ते विसरलं जातं.

५. आदल्या दिवशी गार करून घ्या

अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजला रिकामा गार व्हायलाच कित्येक तास लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी, शक्यतो २४ तास आधी, बाहेरच्या विजेवर चालू करा. कॉम्प्रेसर फ्रिजला काही तास पुरतात. आत ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश दिसेपर्यंत सामान भरू नका.

सामानही घरच्या फ्रिजमध्ये आधी गार झालेलं हवं. गाडीतला फ्रिज गार सामान गार ठेवायला ठीक असतो, कोमट सामान गार करताना त्याची दमछाक होते. कोमट डब्यांनी भरलेला फ्रिज उन्हाळ्याच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ४ अंशांवर येतच नाही, हे मी पुन्हापुन्हा बघितलं आहे.

दोन-तीन पाण्याच्या बाटल्या गोठवून घ्या. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरू नका. या बाटल्या मोकळी जागाही भरतात, गारवाही देतात आणि वितळल्या की प्यायला पाणी मिळतं.

६. भरायचं कसं

या पायरीला वेळ द्या. बाकी सगळं घाईत झालं तरी एक वेळ चालेल.

जड सामान खाली. दुधाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, भाज्यांचा भरलेला ट्रे, सगळं सर्वांत खालच्या कप्प्यात. वरच्या कप्प्यातून पडणारी जड वस्तू खालचा काचेचा किंवा प्लास्टिकचा कप्पा फोडते, आणि त्या मॉडेलचा कप्पा प्रवासात मिळत नाही.

सुट्या वस्तू सुट्या ठेवूच नका. सॉस, जॅम, लोणी, चीज असल्या छोट्या गोष्टी एका चौकोनी ट्रेमध्ये घट्ट बसवा आणि संबंध ट्रे कप्प्यात सरकवा. वीस सुट्या वस्तूंऐवजी चार ट्रे सांभाळायचे राहतात. शिवाय एखादी बाटली गळली तर ती ट्रेमध्येच गळते. ट्रे असे निवडा की एका कप्प्यात दोन किंवा तीन शेजारीशेजारी ठेवले की आतली रुंदी जवळजवळ भरते. उतरत्या भिंतींचे ट्रे घेऊ नका, दोन ट्रेंमध्ये वर पाचरीसारखी फट राहते आणि तीच सगळ्यांना हलायला जागा देते.

गोल वस्तू त्रासाच्या. उभी बरणी सरकते, पण आडवी पडलेली बरणी घरंगळते आणि प्रत्येक वळणाला खडखडत या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते. गाडी चालवताना मागून हा आवाज तालात येऊ लागला, की समजा एक बरणी सुटली आहे. थांबायची सोय असलेल्या पहिल्याच जागी थांबा. गोल बरण्या चौकोनी ट्रेच्या कोपऱ्यात बसवा आणि मधली पोकळी दुमडलेल्या कपड्यानं किंवा एखाद्या मऊ पाकिटानं भरा.

काच टाळा. जे काचेत आलं असेल ते आट्याच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत किंवा डब्यात काढून घ्या. एखादी बरणी काचेतच न्यायची असेल तर तिला जाड मोजा चढवा आणि दुसऱ्या काचेला भिडू देऊ नका. दाबून बसणारी झाकणं प्रवासात भरवशाची नाहीत. झाकण पिळून लावायचं असेल तरच द्रव पदार्थ त्यात ठेवा, आणि ठेवण्याआधी बाटली बेसिनवर उलटी धरून बघा.

अंडी पुठ्ठ्याच्या खोक्यात राहतात, पण पुठ्ठा ओला झाला की मऊ पडतो. बंद प्लास्टिकचा अंड्यांचा डबा घ्या, तो ट्रेमध्ये ठेवा आणि त्याच्यावर काहीही ठेवू नका.

कच्चं मांस किंवा मासे सर्वांत खाली, घट्ट बंद डब्यात, आणि तो डबा आणखी एका ट्रेमध्ये. त्यातला एक थेंब खालच्या भाज्यांवर पडला तर त्या कच्च्या खाण्याजोग्या राहत नाहीत. प्रवासात हे घरापेक्षा खूप सहज घडतं.

दाराच्या कप्प्यांत हलक्या वस्तू. दार बंद असलं तरी हादऱ्यानं दाराचे प्लास्टिकचे कप्पे खाचेतून वर उचलले जातात आणि सुटतात. भरलेल्या मोठ्या बाटल्या तिथे ठेवल्या की बिजागरी आणि कडी दोघांवर ताण येतो. मी दारात मसाल्यांच्या छोट्या बाटल्या, लोण्याची पाकिटं आणि औषधं एवढंच ठेवते.

फ्रीझरमध्ये वायूची पेयं कधीच नाहीत. गोठली की डबा फुटतो. बर्फाचे उघडे ट्रे पाण्यानं भरून निघू नका, पहिल्याच वळणाला पाणी सांडून दाराच्या रबरावर गोठतं आणि दार नीट बसत नाही. आपोआप बर्फ करणारं यंत्र असेल तर ते बंद करा आणि त्यातलं पाणी काढून टाका.

डोंगरात जाणार असाल तर हेही लक्षात घ्या. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे एक पंचमांशानं कमी होतो. खाली बंद केलेली पाकिटं आणि दह्याचे कप वर जाताना फुगतात. पातळ पत्र्याचं झाकण चिकटवलेला कप ठासून भरलेल्या ट्रेमध्ये असेल, तर शेजारच्या वस्तूच्या कोपऱ्यानं ते झाकण फुटतं. असे कप ट्रेमध्ये सगळ्यात वर, मोकळे ठेवा.

आता एक विरोधाभास. जागा भरा म्हणते, पण हवेसाठीही जागा लागते. आतल्या मागच्या भिंतीवर, विशेषतः अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजमध्ये, धातूच्या पट्ट्या असतात. गारवा तिथून येतो. त्यांच्यापुढे दोन-तीन सेंटीमीटर सोडा, नाहीतर मागचं सामान गोठतं आणि पुढचं कोमट राहतं. जाळीच्या कप्प्यावर सलग चटई अंथरू नका, भोकं असलेली घ्या आणि कडेला फट ठेवा. छोटा बॅटरीचा पंखा खालच्या कप्प्यात ठेवला तर हवा फिरते आणि वरखालच्या तापमानातला फरक कमी होतो. ही वस्तू स्वस्त आहे आणि तिचा उपयोग मला आजवर जाणवत आला आहे.

७. दांडे लावा

बार वस्तूच्या पायथ्याशी लावला तर वस्तू त्याच्यावरून उलटते. अगदी टोकाशी लावला तर खालून सरकते. वस्तूच्या उंचीच्या निम्म्याच्या थोडा वर लावा. उंच बाटल्यांना एक खाली, एक वर. ट्रे असतील तर ट्रेच्या समोर एकच बार पुरतो.

बार सामानाला टेकलेला हवा. मध्ये चार बोटं जागा राहिली तर सामान वेग घेऊन बारवर आदळतं आणि बार निसटतो. दाराजवळच्या अगदी कडेला बार लावायची सवय असते, ती सोडा. सामान जिथे संपतं तिथे बार.

फ्रिजच्या आतल्या भिंती पातळ प्लास्टिकच्या असतात. बार इतका ताणून बसवू नका की भिंत फुगेल, तिला तडा गेला तर आतल्या उष्णतारोधक थरात ओल जाते. बोटानं ढकलल्यावर हलू नये, एवढा ताण बस्स. पहिल्या दिवशी अर्ध्या तासानं थांबून पुन्हा बघा.

कपड्यांच्या पडद्यांचे लांब स्प्रिंगचे दांडे कापून वापरण्याचा सल्ला मिळतो. त्यांची रबरी टोकं गारव्यात कडक होऊन घसरतात, म्हणून मी तो देणार नाही.

८. दार बाहेरून बांधा

मूळ कडी चांगली असेल आणि आत सगळं घट्ट असेल, तर बाहेरचा पट्टा ही फक्त खबरदारी. घरगुती फ्रिज असेल तर मात्र तो हवाच. दोन दारांच्या फ्रिजला दोन्ही मुठींमधून बकलचा पट्टा ओवून ओढा. खाली बाहेर येणारा फ्रीझरचा खण असेल तर त्याला वेगळं लॉक लावा, कारण भरलेला खण जड असतो आणि वळणाला किंवा ब्रेकला बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो.

चिकटवायचं लॉक लावणार असाल तर जागा स्पिरिटनं पुसा, वाळू द्या, लॉक दाबून चिकटवा आणि पूर्ण एक दिवस त्याच्यावर ताण देऊ नका. उन्हात उभ्या गाडीत गोंद मऊ होतो, म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला ओढून तपासा. ताणाचे हुक असलेले रबरी दोर वापरू नका. ते दाराला मागे-पुढे डोलू देतात आणि सुटले तर हुक डोळ्याला लागू शकतो.

पट्टा भडक रंगाचा घ्या. गाडीच्या दारातून आत बघितलं की लावलाय की नाही, लगेच कळतं.

९. रस्त्यात गार कसं ठेवायचं

१२ व्होल्टवर चालणारा फ्रिज गाडी चालताना चालू ठेवा. थ्री-वे फ्रिजचा १२ व्होल्टचा हीटर बरीच वीज खातो आणि बहुतेक वेळा असलेला गारवा टिकवण्यापुरताच असतो. इंजिन बंद करून जेवायला थांबलात आणि तो चालूच राहिला, तर बॅटरी उतरते. काही गाड्यांत तो इंजिनबरोबर आपोआप बंद होतो, काहींत होत नाही. तुमच्या गाडीत काय होतं ते घराशीच तपासा.

गाडी चालताना गॅसवर फ्रिज चालवणारे लोक आहेत. मी चालवत नाही, आणि नव्या माणसाला तर सांगणारच नाही. टक्कर झाली आणि गॅसची नळी तुटली, तर चालू सिलिंडर हा मोठा धोका. इंधन भरायला जाण्याआधी ज्योत विझलेली असलीच पाहिजे, याला अपवाद नाही. बोगदे आणि गाड्या नेणाऱ्या बोटींवर सिलिंडर बंद ठेवण्याचे नियम अनेक ठिकाणी असतात. निघताना सिलिंडरची चावी बंद केली की हे सगळे प्रश्न मिटतात.

मग गारवा टिकेल का? नीट गार केलेला, भरलेला आणि न उघडलेला फ्रिज बंद राहिला तरी काही तास तग धरतो. घरच्या फ्रिजसाठी हा अंदाज ४ तासांचा दिला जातो. आरव्हीचा फ्रिज लहान आणि दार पातळ, म्हणून त्याहून कमी धरा आणि थर्मामीटरवर विश्वास ठेवा. वाटेत लागणारं पाणी आणि खाणं वेगळ्या बर्फाच्या पेटीत ठेवा. दिवसभरात फ्रिजचं दार उघडायची वेळच येऊ नये.

१०. निघताना आणि पहिल्या थांब्यावर

निघण्याआधी एक माणूस फ्रिजची फेरी घेईल, असं ठरवून टाका. दोघांनी मिळून केलेल्या कामात प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्यानं बघितलं. बार टेकलेले आहेत, कडी पूर्ण खाचेत आहे, फ्रीझरचं दार लागलंय, पट्टा ओढलाय, फ्रिज योग्य ऊर्जेवर आहे, गॅस बंद आहे. तोंडानं म्हणत बोट लावत जा.

वीस-तीस मिनिटांनी, समतल जागा मिळेल तिथे थांबा. सामान हलायचं असतं ते या पहिल्या टप्प्यात हलतं. खराब रस्ता लागून गेला की पुन्हा बघा. ट्रेलर ओढत असाल तर मागचा आवाज तुमच्यापर्यंत येतच नाही, त्यामुळे हे थांबे जास्त गरजेचे. दारावर चुंबकी सेन्सर लावून गजर चालकाजवळ ठेवणं हा ट्रेलरवाल्यांसाठी चांगला उपाय.

११. मुक्कामाला पोहोचल्यावर

आधी गाडी समतल करा. गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणारी खोली असेल आणि फ्रिज तिच्यात किंवा तिच्या वाटेत असेल, तर ती बाहेर काढण्याआधी फ्रिजचं दार बंद आहे हे डोळ्यांनी बघा.

दार उघडताना समोर उभं राहू नका, बाजूला राहा. एक हात दाराच्या मधोमध सपाट ठेवा, दुसऱ्यानं कडी काढा. दार दोन बोटं उघडा आणि टॉर्चनं फटीतून आत बघा. काही दाराला टेकलं असेल तर दारच हाताला जड लागतं. तेव्हा फटीतून हात घालून ती वस्तू मागे ढकला, मगच दार उघडा. मुलांना पहिल्यांदा दार उघडू देऊ नका.

१२. सांडलं किंवा गरम झालं तर

सांडलेलं त्याच संध्याकाळी पुसा. दूध आणि सॉस मागच्या पन्हळीत जातात, तिथून बाहेर जाणारी बारीक नळी तुंबते आणि मग फ्रिजमध्ये पाणी साचू लागतं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसलं की वासही जातो.

थर्मामीटर ४ अंशांच्या वर गेलेला दिसला तर किती वेळ गेला ते आठवा. मांस, मासे, दूध, शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ त्याच्या वर राहिलं असेल तर टाकून द्या. बाहेर ३२ अंशांहून जास्त ऊन असेल आणि सामानही तितकंच तापलं असेल, तर हीच मर्यादा १ तासाची. वास घेऊन किंवा चाखून ठरवू नका. आजारी पाडणारे बरेच जंतू वास देत नाहीत, आणि अनोळखी रस्त्यावर पोट बिघडलं तर डॉक्टर शोधण्यातच दिवस जातो. घट्ट चीज, लोणी, जॅम, न कापलेली फळं, बहुतेक भाज्या एवढ्यानं बिघडत नाहीत.

तापमान मधल्या वेळात किती चढलं होतं हे कळावं म्हणून कमाल आकडा लक्षात ठेवणारा थर्मामीटर घ्या. नाहीतर संध्याकाळी ४ अंश दिसतात आणि दुपारी १२ अंश झाले होते हे समजतच नाही.

१३. गाडी ठेवून देताना

फ्रिज पूर्ण रिकामा करा, बर्फ वितळू द्या, रबराच्या घड्यांमधूनही फडकं फिरवा आणि आतून कोरडा करा. बार काढून आत आडवे ठेवा, ताणलेले ठेवले तर स्प्रिंग सैल पडते. मग कडी हवेच्या खाचेत अडकवून दार किलकिलं ठेवा, नाहीतर आठवडाभरात बुरशी धरते. आणि दारावर डोळ्यांच्या उंचीला एक चिठ्ठी चिकटवा: "खाच बदलायची आहे." पुढच्या वेळी गाडी काढणारा कोणीही असला, तरी फ्रिज भरण्याआधी ती चिठ्ठी त्याला काढावी लागेल.